इंग्रजीतला ‘एस’: शब्दाच्या टोकाला बसणाऱ्या एका अक्षराचा क्रमवार अभ्यास

मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत पत्रे लिहावी लागणाऱ्या, मुलाखती द्याव्या लागणाऱ्या माणसाची अडचण बहुतेक वेळा अवघड शब्दांची नसते. शब्द त्याने पाठ केलेले असतात. गळतो किंवा नको तिथे चिकटतो तो शब्दाच्या शेवटचा ‘एस’. इंग्रजी वर्णमालेतले हे १९वे अक्षर शब्दाच्या टोकाला बसून चार वेगवेगळी कामे करते: नामाचे अनेकवचन दाखवते, वर्तमानकाळातल्या क्रियापदाला लागते, मालकी सांगते, आणि ‘इझ’, ‘हॅझ’ किंवा ‘अस’ या शब्दांचा संक्षेप म्हणूनही येते. मराठीत याच कामांसाठी ‘घरे’, ‘जातो’, ‘रामाचा’, ‘आहे’ अशी निरनिराळी रूपे असल्यामुळे, एकच आवाज ऐकून त्यामागचे काम ओळखण्याची सवय आपल्या कानाला नसते. ती सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मला उपयोगी पडलेला क्रम खाली दिला आहे.

क्रमाबद्दल एक आग्रह आहे. पुष्कळ जण ॲपॉस्ट्रॉफीपासून, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणाऱ्या त्या स्वल्पविरामासारख्या चिन्हापासून सुरुवात करतात, कारण ते डोळ्यांना दिसते आणि त्यावरून हटकणारेही पुष्कळ भेटतात. आधी कान, मग व्याकरण आणि त्यानंतर चिन्ह या क्रमाने गेल्यास मेहनत निम्म्याने वाचते, असे माझे मत आहे.

हाताशी काय असावे

- उच्चार ऐकवणारा, शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्हींचे असे कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. इंग्रजी–मराठी कोश अर्थासाठी चांगला असला, तरी या कामाला तो अपुरा पडतो.
- मोबाइलमधील आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय.
- तुम्ही स्वतः लिहिलेली दोन-तीन इंग्रजी पत्रे किंवा अर्ज. दुसऱ्याच्या उदाहरणांवर केलेला सराव टिकत नाही.
- लाल पेन्सिल.

लेखात इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, आणि जिथे स्पेलिंग महत्त्वाचे आहे तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत. इंग्रजी ‘झेड’ या अक्षराचा जो आवाज, तो ‘झ’ने दाखवला आहे, मात्र तो ‘झाड’ या शब्दातला ‘झ’ नव्हे, हे पहिल्याच पायरीत स्पष्ट होईल.

१. आधी दोन आवाज वेगळे करा

गळ्यावर दोन बोटे ठेवून लांब ‘सऽऽ’ असा आवाज काढा; गळा थरथरणार नाही. आता जीभ अजिबात न हलवता त्याच आवाजात गळ्याचा कंप मिसळा. मधमाशीसारखा जो आवाज येईल तोच आपला ‘झ’. मराठीतल्या ‘जास्त’ किंवा ‘जहाज’ या शब्दांतला ‘ज’ त्याच्या जवळचा आहे, पण तो उच्चारताना जीभ वर टेकून सुटते. इथे ती टेकवायची नाही.

हा फरक इतका आधी शिकण्याचे कारण असे, की इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या छोट्या शब्दांत ‘एस’ लिहिलेला असूनही आवाज बहुधा ‘झ’चाच असतो: ‘इझ’, ‘वॉझ’, ‘हॅझ’, ‘हिझ’, ‘ॲझ’, ‘दीझ’, ‘दोझ’, ‘बिकॉझ’. उलट ‘धिस’, ‘अस’, ‘येस’, ‘बस’, ‘गॅस’ यांत तो ‘स’ राहतो. शब्दाच्या सुरुवातीचा ‘एस’ सहसा ‘झ’ होत नाही, आणि शब्दाच्या शेवटी जोडीने आलेले दोन ‘एस’ ‘क्लास’, ‘बॉस’, ‘पास’ यांप्रमाणे ‘स’च उच्चारले जातात. शब्दाच्या मध्ये मात्र जोडीचाही भरवसा नाही: ‘सिझर्झ’ म्हणजे कात्रीच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एस’ असूनही आवाज ‘झ’ आहे, आणि जेवणानंतरच्या गोड पदार्थाला म्हणायचे ‘डिझर्ट’ यातही तसेच.

काही शब्दांत या एका आवाजावर नाम किंवा विशेषण आणि क्रियापद वेगळे ठरते. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूझ’ म्हणजे वापरणे. ‘हाउस’ म्हणजे घर, ‘हाउझ’ म्हणजे घरात सामावून घेणे. ‘क्लोस’ म्हणजे जवळचा, ‘क्लोझ’ म्हणजे बंद करणे. ‘एक्स्क्यूस’ म्हणजे सबब, ‘एक्स्क्यूझ’ म्हणजे माफ करणे. ‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूझ’ म्हणजे हरवणे किंवा हरणे यांचा घोळ तर लिहितानाही होतो: सैलच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ आहेत, हरवण्याच्या स्पेलिंगमध्ये एकच.

इथला सापळा: ‘झ’ ठसठशीत येत नाही म्हणून लोक शब्दाचा शेवट जोर लावून उच्चारू लागतात. त्याची गरज नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बोलण्यातही शेवटचा ‘झ’ अनेकदा अर्धवटच कंप पावतो. ऐकणाऱ्याला फरक कळतो तो आधीच्या स्वराच्या लांबीवरून. ‘आइस’ म्हणजे बर्फ यातला स्वर आखूड, आणि ‘आइझ’ म्हणजे डोळे यातला लांब. ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’, ‘प्लेस’ आणि ‘प्लेझ’, ‘पीस’ आणि ‘पीझ’ या जोड्या मोबाइलवर मुद्रित करा, कोशातल्या उच्चाराशी ताडून पाहा, आणि आवाज जमत नसेल तर निदान स्वर लांबवा.

२. अनेकवचनाचा ‘एस’: उच्चार तीन, लेखन एक

शब्दाचा शेवट कंपाविना होत असेल तर ‘एस’चा उच्चार ‘स’: ‘कॅट्स’, ‘बुक्स’, ‘कप्स’. शेवट कंपासह होत असेल, आणि सगळे स्वर यातच मोडतात, तर ‘झ’: ‘डॉग्झ’, ‘पेन्झ’, ‘डेझ’. शेवटी ‘स’, ‘झ’, ‘श’, ‘च’ किंवा ‘ज’सारखा आवाज असेल तर आणखी एक अवयव, म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, वाढून ‘इझ’: ‘बसिझ’, ‘बॉक्सिझ’, ‘डिशिझ’, ‘वॉचिझ’, ‘जजिझ’. पाठांतर फार लागत नाही, कारण पहिली पायरी पक्की असेल तर जीभ आपोआप योग्य वळण घेते. हेच तीन उच्चार क्रियापदाच्या आणि मालकीच्या ‘एस’लाही लागू असल्यामुळे एकदा केलेले श्रम तीनदा कामी येतात.

जोडाक्षरांचा त्रास मराठी जिभेला कमी होतो, कारण ‘स्त्री’ आणि ‘स्नान’ म्हणणाऱ्याला सुरुवातीचा ‘एस’ जड जात नाही. शेवटी मात्र ‘आस्क्स’, ‘डेस्क्स’, ‘मन्थ्स’ म्हणताना शेवटचा ‘स’ सर्रास गिळला जातो. ‘क्लोझ’ म्हणजे कपडे हा उच्चार मधला ‘थ’सारखा आवाज वगळून केला तरी चालतो.

लेखनाचे नियम शाळेत झालेले असतात. शेवटच्या ‘वाय’च्या आधी व्यंजन असेल तर ‘आय-ई-एस’, स्वर असेल तर नुसता ‘एस’; म्हणून ‘सिटी’चे रूप बदलते आणि ‘टॉय’चे बदलत नाही. विशेषनामाला हा बदल लागत नाही, त्यामुळे ‘केनेडी’ घराण्यातल्या सर्वांचा एकत्र उल्लेख करताना ‘वाय’ तसाच ठेवून ‘एस’ जोडतात. ‘पोटॅटो’, ‘टोमॅटो’, ‘हीरो’ यांना ‘ई-एस’, तर ‘फोटो’, ‘पियानो’, ‘रेडिओ’ यांना नुसता ‘एस’. आंब्याच्या बाबतीत दोन्ही लेखने मान्य आहेत.

३. जिथे हा ‘एस’ लावायचा नाही

नोकरीच्या अर्जांत सर्वाधिक दिसणाऱ्या चुका इथल्या आहेत. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘लगेज’ या नामांना अनेकवचनच नाही. मराठीत आपण ‘उपकरणे’ आणि ‘सल्ले’ म्हणतो म्हणून इंग्रजीतही ‘एस’ लावण्याचा मोह होतो. ‘न्यूझ’, ‘फिझिक्स’, ‘मॅथमॅटिक्स’ यांच्या शेवटी ‘एस’ दिसतो खरा, पण ती एकवचनी आहेत आणि त्यांच्यापुढे ‘इझ’च येते.

संख्येनंतर ‘हंड्रेड’, ‘थाउझंड’, ‘लाख’ यांना ‘एस’ लागत नाही. तो पुढच्या नामाला लागतो. ‘फाइव्ह थाउझंड रुपीझ’ हे बरोबर. हीच संख्या-नामाची जोडी दुसऱ्या नामाचे विशेषण झाली, की नामावरचाही ‘एस’ जातो: पंचवार्षिक योजना म्हणजे ‘फाइव्ह-इयर प्लॅन’, दहाची नोट म्हणजे ‘टेन-रुपी नोट’. आणि याउलट, ‘वन ऑफ माय’ म्हटल्यावर पुढे अनेकवचन आलेच पाहिजे, कारण तुम्ही पुष्कळांतला एक निवडत आहात: ‘वन ऑफ माय फ्रेंड्झ’.

४. क्रियापदाचा ‘एस’

साध्या वर्तमानकाळात कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा त्यांच्या जागी येणारे एकवचनी नाम असेल तर क्रियापदाला ‘एस’ लागतो, एवढा नियम प्रत्येकाला येतो. तरीही बोलताना तो गळतो किंवा नको तिथे लागतो, आणि त्याला मराठीतली दोन कारणे आहेत.

पहिले कारण आदरार्थी अनेकवचनाचे. ‘बाबा कचेरीत जातात’, ‘साहेब आले आहेत’ असे आपण म्हणतो, आणि त्याच ओघात ‘माय फादर गो’ किंवा ‘सर हॅव कम’ असे तोंडून निघते. इंग्रजीत क्रियापदातून आदर दाखवता येत नाही. वडील असोत, मुख्याध्यापक असोत वा राष्ट्रपती, माणूस एक असेल तर क्रियापदाला ‘एस’ लागणारच, आणि तो लावल्याने कोणाचा अवमान होत नाही. ज्येष्ठांविषयी बोलतानाची वाक्ये वेगळी काढून त्यांचा मोठ्याने सराव करा. ‘माय फादर वर्क्स’, ‘माय मदर टीचिझ’, ‘सर हॅझ कम’ ही तीन वाक्ये सहज येऊ लागली की बाकीची मागोमाग येतात.

दुसरे कारण असे, की मराठीत कर्ता अनेकवचनी झाला की क्रियापदही अनेकवचनी रूप घेते: ‘मुलगा खेळतो’, ‘मुले खेळतात’. ही जाणीव घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि ‘बॉइझ’ला ‘प्लेझ’ जोडून मोकळे होतो. यावर एक ठोकताळा चांगला चालतो: कर्ता आणि क्रियापद मिळून ‘एस’ एकच. ‘द बॉय प्लेझ’मध्ये तो क्रियापदावर आहे, ‘द बॉइझ प्ले’मध्ये नामावर. ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘पीपल’ यांसारख्या ‘एस’शिवाय अनेकवचनी असणाऱ्या शब्दांना आणि ‘न्यूझ’सारख्या एकवचनी शब्दांना हा ठोकताळा लागू पडत नाही, पण रोजच्या वाक्यांना तो पुरतो.

नकारार्थी वाक्यात आणि प्रश्नात हा ‘एस’ ‘डू’ या सहायक क्रियापदावर जातो आणि मूळ क्रियापद मोकळे होते: ‘ही डझ नॉट गो’, ‘डझ शी नो?’. ‘डझ’मध्येच ‘एस’ आलेला असल्यामुळे ‘गो’ला तो पुन्हा लावणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणे. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांना तो मुळीच लागत नाही, आणि त्यांच्या पुढच्या क्रियापदालाही नाही.

जुने इंग्रजी वाचताना या जागी वेगळाच प्रत्यय दिसला तर गोंधळू नका. दक्षिण इंग्लंडात एके काळी ‘गोएथ’, ‘हॅथ’ अशी रूपे होती आणि ‘एस’ची रूपे उत्तरेकडून पसरत आली, १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘एथ’चीच रूपे आहेत.

५. ॲपॉस्ट्रॉफीचा निर्णय

आता ते चिन्ह. इथे नियमांपेक्षा प्रश्न विचारण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

पहिला प्रश्न: हा ‘एस’ फक्त अनेकवचनाचा आहे का? असेल तर चिन्ह नको. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘सारीज’ किंवा ‘फोटोज’मध्ये ‘एस’च्या आधी जे चिन्ह लटकलेले असते, ते चूक आहे. इंग्लंडातले भाजीवालेही हीच चूक इतकी करतात, की तिकडे तिला भाजीवाल्याचा ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. दशक लिहिताना, म्हणजे १९९०नंतर ‘एस’ जोडताना, हल्ली चिन्ह देत नाहीत.

दुसरा प्रश्न: ‘चा, ची, चे’ असा अर्थ आहे का? असेल तर आधी मालक पूर्ण लिहा. मालक एकवचनी असेल तर त्याच्यापुढे चिन्ह आणि मग ‘एस’. मालक अनेकवचनी असून त्याच्या शेवटी आधीच ‘एस’ असेल तर त्याच्यापुढे नुसते चिन्ह. मालक अनेकवचनी असूनही शेवटी ‘एस’ नसेल, जसे ‘मेन’ किंवा ‘चिल्ड्रन’, तर पुन्हा चिन्ह आणि ‘एस’. रजेच्या अर्जात हेच कामी येते: एका दिवसाच्या रजेसाठी ‘डे’नंतर चिन्ह आणि मग ‘एस’, दोन दिवसांच्या रजेसाठी ‘डेझ’ पूर्ण लिहून त्यानंतर चिन्ह. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या नावात चिन्ह आहे, कारण ते संत झेवियर यांचे. (पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या नावात मालकीचा ‘एस’ नाही, पण मध्ये दोन ‘एस’ आहेत, आणि एकच लिहिण्याची चूक तिथे शिकलेलेही करतात.)

नावाच्या शेवटीच ‘एस’ असलेल्या विलास, सुहास, श्रीनिवास यांच्यासाठी दोन पद्धती आहेत: चिन्ह आणि आणखी एक ‘एस’, किंवा नुसते चिन्ह. मी पहिली वापरतो, कारण बोलताना आपण ‘विलासिझ’ असाच उच्चार करतो. कोणतीही घ्या, पण एका कागदावर एकच ठेवा.

तिसरा प्रश्न: काही गाळले आहे का? ‘हीझ’ म्हणजे पुढच्या शब्दानुसार ‘ही इझ’ किंवा ‘ही हॅझ’. ‘लेट्स’ म्हणजे ‘लेट अस’. चिन्ह गाळलेल्या अक्षरांच्या जागी उभे असते. मालकीच्या चिन्हाचे मूळही यातच आहे: जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांचा षष्ठीचा प्रत्यय ‘ई-एस’ होता, आणि त्यातला गळालेला ‘ई’ या चिन्हाने दाखवला गेला.

आता सर्वांत मोठा सापळा. ‘हिझ’, ‘हर्झ’, ‘अवर्झ’, ‘यॉर्झ’, ‘देअर्झ’ आणि ‘इट्स’ ही सर्वनामे मालकीची असूनही त्यांना चिन्ह लागत नाही. ‘आय-टी-एस’मध्ये चिन्ह घालण्याआधी त्या जागी ‘इट इझ’ किंवा ‘इट हॅझ’ ठेवून वाक्य वाचा. वाक्य लागले तरच चिन्ह द्या. आणि अर्जाच्या तळाशी येणाऱ्या ‘यॉर्झ फेथफुली’मध्ये चिन्ह कधीही नसते. संपूर्ण अर्ज निर्दोष लिहून शेवटच्या ओळीत हे चिन्ह घालणारे उमेदवार अनेक आहेत, आणि वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच, सहीजवळ, थांबते.

स्थळनामांत आणि कंपन्यांच्या नावांत तर्क लावू नका, पाटी पाहा. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन स्थानकांपैकी ‘अर्ल्झ कोर्ट’ला चिन्ह आहे आणि ‘बॅरन्झ कोर्ट’ला नाही. अमेरिकेत भौगोलिक नावे ठरवणारे सरकारी मंडळ १८९०पासून स्थळनामांत हे चिन्ह टाळत आले आहे.

६. ‘श’ होणारा आणि न उच्चारला जाणारा ‘एस’

‘शुगर’, ‘शुअर’, ‘मिशन’, ‘टिश्यू’ यांत ‘एस’चा ‘श’ होतो. ‘मेजर’ म्हणजे मोजणे आणि ‘व्हिजन’ यांत ‘श’मध्ये कंप मिसळल्यासारखा आवाज येतो. आपली खरी अडचण मात्र उलटी आहे: इकाराआधीचा ‘स’ आपल्या बोलण्यात ‘श’कडे झुकतो. ‘शिमिट’, ‘शिस्टर’ असे उच्चार आजही कानावर पडतात. घरी बोलताना त्याने काही बिघडत नाही, पण इंग्रजीत ‘सी’ म्हणजे पाहणे आणि ‘शी’ म्हणजे ती, ‘सीट’ म्हणजे आसन आणि ‘शीट’ म्हणजे कागद. ‘स’ला ओठ पसरलेले, ‘श’ला किंचित पुढे आलेले, आरशासमोर पाच मिनिटे पुरतात.

‘आयलंड’, ‘आइल’, ‘डेब्री’, ‘इलिनॉय’ यांत तो उच्चारत नाहीत. ‘आयलंड’मध्ये तर तो मुळात नव्हताच, लॅटिनवरून आलेल्या ‘आइल’ या शब्दाशी नाते आहे अशा समजुतीने तो मागाहून घुसवला गेला.

७. कचेरीच्या कागदांवरचा ‘एस’

भारतीय कागदपत्रांत हे अक्षर काही ठरावीक रूपांत भेटते, आणि नव्या माणसाला ती कोणी समजावून सांगत नाही.

- नावानंतर ‘एस’, तिरकी रेघ, ‘ओ’: अमुक यांचा मुलगा. याच धर्तीवर ‘डी’ने मुलगी आणि ‘डब्ल्यू’ने पत्नी.
- कंपनीच्या नावाआधी ‘एम’, तिरकी रेघ, ‘एस’: मेसर्स, म्हणजे मराठीतले ‘मे.’. हा भागीदारीच्या किंवा दुकानाच्या नावाआधी येतो, व्यक्तीच्या नावाआधी नाही.
- प्रतीच्या तळाशी ‘एस-डी’ आणि रेघ: मूळ प्रतीवर सही आहे. मराठी परिपत्रकात त्या जागी ‘सही/-’ असते.
- रकमेआधी ‘आर-एस’: यातला ‘एस’ अनेकवचनाचा आहे. म्हणूनच एका रुपयासाठी ‘आर-ई’ लिहीत. २०१०मध्ये रुपयाचे स्वतंत्र चिन्ह आल्यापासून हा भेद मागे पडला, तरी जुन्या करारांत तो दिसतो.
- मापांच्या संक्षेपांना ‘एस’ लागत नाही. किलोग्रॅमसाठी ‘के-जी’ एवढेच, मग वजन पाच असो वा पाचशे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सुटा लहान ‘एस’ म्हणजे सेकंद आणि मोठा ‘एस’ म्हणजे सीमेन्स हे विद्युतवाहकतेचे एकक.

ज्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली छापील पाने पाहावी लागतात त्यांच्यासाठी एक सूचना: १८०० सालाच्या सुमारापर्यंत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एक लांबट ‘एस’ छापत, जो ‘एफ’सारखा दिसतो. गणितातले संकलनाचे, म्हणजे इंटिग्रेशनचे, चिन्ह लाइब्निट्झने १६७५मध्ये याच लांबट अक्षरावरून घेतले. जुन्या हिशेबांत आकड्यानंतरचा लहान ‘एस’ म्हणजे शिलिंग. २० शिलिंगांचा एक पौंड ही मोजणी ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७१पर्यंत चालू होती.

८. स्वतःच्या कागदाची तपासणी

लिहिलेले पत्र कागदावर छापून घ्या आणि फक्त ‘एस’साठी एकदा वाचा, अर्थ, शब्दनिवड, विरामचिन्हे यांकडे त्या वाचनात पाहू नका. शब्दाच्या टोकाला असलेल्या प्रत्येक ‘एस’खाली लाल रेघ मारून त्याचे काम समासात लिहा: अनेकवचन, क्रियापद, मालकी, संक्षेप, किंवा मूळ शब्दाचाच भाग. काम सांगता आले नाही तर तो ‘एस’ बहुधा नको आहे. त्यानंतर वाक्यांचे कर्ते शोधा आणि प्रत्येक एकवचनी कर्त्यापुढच्या वर्तमानकाळी क्रियापदाला ‘एस’ आहे का ते पाहा. गळलेले ‘एस’ या दुसऱ्या फेरीतच सापडतात, कारण जे लिहिलेलेच नाही ते पहिल्या फेरीत दिसणार नाही. संगणकावरील शुद्धलेखन तपासनीस चिन्हांच्या चुका बऱ्याच पकडतो, पण ‘लूस’ आणि ‘लूझ’ किंवा ‘डे’ आणि ‘डेझ’ यांपैकी तुम्हाला काय म्हणायचे होते हे त्याला खात्रीने कळत नाही. बोलण्यासाठी हेच पत्र मोठ्याने वाचून मुद्रित करा, आणि समासातल्या खुणांशी ताडून ऐका.